चिमटा

दांडिया बाजारात माझं मोटार भरायचं दुकान.
एकोणचाळीस वर्षं तांब्याची तार गुंडाळतोय,
पंख्यांची, पाणी चढवायच्या पंपांची,
एकदा तर गिरणीच्या भोंग्याचीही.
सुतळी पायाशी असते.
पिठाच्या चक्कीवाल्यानं बिलाऐवजी दिलेली.
इतकी लांब की पुढचे पाय दुकानात शिरले
तरी मागचे अजून फुटपाथवर.

मंगळवारी पुढचे पाय उठले.
मागचे उठले नाहीत.
ती सारखी मागं वळून बघत होती,
कुणी शेपटीवर पाय देऊन उभं आहे का म्हणून.

फत्तेगंजला डॉक्टर केयूरी वसावा.
त्यांनी तिचा मागचा पंजा फरशीवर उलटा ठेवला.
तो तसाच राहिला,
चुकीच्या घडीचा रुमाल राहतो तसा.
मणक्यातली गादी सरकलीय, म्हणाल्या,
मज्जारज्जूवर बसलीय.
रज्जू म्हणजे दोरी, एवढं मला कळतं.
आणि हिचं नाव आम्ही ठेवलेलं सुतळी.

मग त्यांनी चिमटा घेतला,
बोटाच्या हाडावर दाबला.
पाय झटकन वर!
मी ओरडलो, आला ना, आला करंट!
काका, त्या म्हणाल्या, पग नहीं, मोढुं जुओ.
पाय नाही, तोंड बघा.
पाय आपल्या मनानंच उचलला जातो,
कमरेतल्या कमरेत मिटवलेलं प्रकरण ते.
वर कळवलेलं नाही.

सुतळी पंखा बघत होती.
बेअरिंग गेलेला, कुरकुरणारा पंखा.
दोन दिवसांत ठीक करून दिला असता मी.

दुकानात मी हेच करतो.
सिरीजच्या बल्बची एक पिन या टोकाला, एक त्या.
दिवा लागला तर तार सलग.
नाही लागला तर गिऱ्हाइकाला सांगतो,
राहू द्या शेठ, नवीन घ्या.
किती सहज सांगतो.

आईच्या गुडघ्यांसाठी, कुमुदच्या खड्यांसाठी
उभा राहिलोय मी देवासमोर.
कमी कर रे, एवढंच मागितलं.
त्या दिवशी तिला दोन्ही हातांनी धरून
पहिल्यांदा उलटं मागितलं.
दुखू दे.
हाडापर्यंत दुखू दे तिला.

दुसरा पाय. धाकटं बोट.
चिमटा पूर्ण मिटला.
डॉक्टरांचं नख पांढरं पडलं.

आधी एक कान मागं गेला.
मग मान, सावकाश,
रस्ता विचारत आल्यासारखी.
तिनं चिमट्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि जो सगळ्यात जवळ होता
त्याला चावली.

अंगठ्यातून रक्त येत होतं आणि मी हसत होतो.
कंपाउंडर पोऱ्या घाबरून डेटॉल शोधत होता.

पुढचं काय सांगू.
स्कॅन रात्री साडेदहाला, माणसांचं संपल्यावर.
ऑपरेशनचे पैसे कुमुदच्या पाटल्यांतून.
दिवसातून तीनदा पोट दाबून मुतवायचं,
ते मला जमलं लवकर,
हातांना गुंडाळीचा ताण कळतो.
पोटाखाली टॉवेल घालून सुरसागरच्या काठानं
आम्ही निघतो, ती पुढं,
मी तिच्या मागच्या अर्ध्याचा हमाल.
सेवउसळवाला विचारतो, गाडी पासिंगला निघाली का?

अजून नीट चालत नाही.
मागचे पाय दारू प्याल्यासारखे,
वळणावर एकमेकांवर पडतात.
कधी नीट होईल, डॉक्टर सांगत नाहीत.
मीही विचारत नाही. गिऱ्हाइकांनी मला विचारलेलं
मलाही कधी आवडलं नाही.

फक्त रात्री शटर ओढून घरी आलो
की गोधडीवर तिच्याजवळ बसतो,
आणि मागच्या पायाचं धाकटं बोट
हळूच चिमटीत धरतो.
कशाला छळता मुक्या जीवाला,
कुमुद आतून ओरडते.
मी पायाकडे बघत नाही.
ती ओठ वर करून दात दाखवते.
मग मला झोप येते.